भट्टीच्या अस्तरासाठी सच्छिद्र उष्णतारोधक वीट कशी तयार करावी

मातीकामाचे स्टुडिओ, हत्यारांना पाणी देणाऱ्या छोट्या कार्यशाळा आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांच्या भट्ट्या सिमेंट किंवा काचेच्या कारखान्यातील भट्टीप्रमाणे महिनोन्महिने अखंड जळत नाहीत. त्या पेटवल्या जातात, काही तासांनी विझवल्या जातात आणि पुढच्या वेळेपर्यंत थंड होतात. अशा भट्टीला आतून हलकी, सच्छिद्र आणि १,१५० ते १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी वीट कशी करावी, हे या लेखात सांगितले आहे. अशी वीट बाजारात ‘हॉट फेस इन्सुलेशन’ (म्हणजे भट्टीच्या आतल्या, तापणाऱ्या बाजूला लावायची उष्णतारोधक वीट) या नावाने मिळते, आणि सरळ भिंतीसाठी ती विकत घेणेच बहुधा सोयीचे ठरते. मात्र बर्नरचे तोंड, झाकण, कमान किंवा गोल भट्टीचे वक्र तुकडे हवे असतील आणि जवळपास चांगली माती मिळत असेल, तर स्वतः वीट करण्यात अर्थ आहे. या कामात जवळजवळ प्रत्येक नवशिक्या हलकेपणाच्या मागे लागतो. माझ्या मते खरे लक्ष दोन गोष्टींकडे हवे, छिद्रे किती बारीक आहेत याकडे आणि त्यांच्यातला भुसा किती सावकाश जळाला याकडे.

हलक्या विटेचा लाभ नेमका कुठे होतो

सच्छिद्र वीट उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच सहसा सांगितले जाते, पण थांबून थांबून चालणाऱ्या भट्टीत हा लाभ दुय्यम असतो. एक चौरस मीटर क्षेत्राची आणि २३० मिलिमीटर जाडीची भिंत घेऊ. भरीव अग्निविटेची असेल तर तिचे वजन सुमारे ४८० किलो भरेल. घन सेंटिमीटरला ०.८५ ग्रॅम घनतेच्या सच्छिद्र विटेची असेल तर १९५ किलोच्या आसपास. आतला पृष्ठभाग १,००० अंशांवर आणि बाहेरचा १०० अंशांवर असताना भरीव भिंतीत सुमारे ७० युनिट विजेइतकी उष्णता साठलेली असते, तर सच्छिद्र भिंतीत २८ युनिटांच्या आसपास. त्याच वेळी सच्छिद्र भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता सुमारे १,२०० वॅट असते, म्हणजे आठ तासांत दहा युनिटांच्या आत. भट्टी विझवली की साठलेली सगळी उष्णता वाया जाते. म्हणून रोज पेटणाऱ्या भट्टीचे इंधन प्रामुख्याने भिंत तापवण्यात खर्च होते आणि भिंतीचे वजन कमी करणे हाच बचतीचा मोठा मार्ग आहे.

मग वीट शक्य तितकी हलकी का करू नये? याचे एक कारण बळकटी हे आहे, आणि दुसरे छिद्रांच्या आकाराशी निगडित आहे. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. १,००० अंशांवरही तिची उष्णतावाहकता मीटर-अंशाला सुमारे ०.०८ वॅट इतकीच असते. पण एवढ्या तापमानाला छिद्राची एक भिंत दुसऱ्या भिंतीकडे प्रारणाने उष्णता फेकते, आणि ही फेक छिद्राच्या व्यासाच्या प्रमाणात व निरपेक्ष तापमानाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हिशेब केला तर १,००० अंशांवर एक मिलिमीटरच्या छिद्रातून प्रारणाने होणारे वहन ०.४ वॅटच्या आसपास येते, एक दशांश मिलिमीटरच्या छिद्रातून त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके, आणि पाच मिलिमीटरच्या छिद्रातून सुमारे दोन वॅट. भरीव अग्निविटेची वाहकताच १ ते १.५ वॅट असते. याचा अर्थ असा की मोठ्या छिद्रांची वीट हातात हलकी लागली तरी लाल तापलेल्या भट्टीत ती त्या जागी भरीव विटेपेक्षाही वाईट वागू शकते. भुसा चाळण्याचे कंटाळवाणे काम टाळू नये, याचे कारण हेच आहे.

माती, ग्रॉग आणि भुसा

विटेचा सांगाडा मातीचा असतो. शुद्ध केओलिन माती तापवली की साधारण ४५० ते ६०० अंशांदरम्यान तिच्या रेणूंत बांधलेले पाणी निघून जाते आणि वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटते. त्यानंतर १,१०० अंशांच्या पुढे तिच्यात म्युलाइटचे सुईसारखे स्फटिक वाढू लागतात. हे म्युलाइट १,८०० अंशांच्याही वर टिकते आणि विटेला उष्णतेत ताठ ठेवते. लोह, चुना, पोटॅश आणि सोडा हे घटक मात्र मातीला लवकर वितळवतात. म्हणून भाजल्यावर लालभडक होणारी कुंभाराची नेहमीची माती या कामाला चालत नाही. भाजून पांढरट, पिवळसर किंवा फिकट बदामी होणारी माती घ्यावी. महाराष्ट्रात चंद्रपूर भागात फायरक्ले (जास्त उष्णता सोसणारी चिकट माती) आणि सिंधुदुर्गात चायना क्ले (म्हणजे केओलिन) सापडते. पण खाणीचे नाव ऐकून माती पसंत करू नये. घेतलेल्या मातीचे अंगठ्याएवढे टोकदार शंकू करावेत, १,२५० अंशांवर भाजावेत आणि टोक वाकले का, पृष्ठभाग काचेसारखा चमकू लागला का, हे डोळ्यांनी पाहावे. टोक सरळ आणि पृष्ठभाग कोरडा राहिला तरच ती माती पुढे न्यावी.

वजनाने ४० भाग चिकट फायरक्ले, ३० भाग चायना क्ले आणि ३० भाग ग्रॉग हे मिश्रण सुरुवातीला चांगले आहे. फायरक्ले कच्च्या विटेला धरून ठेवते, चायना क्ले तिची उष्णता सोसण्याची ताकद वाढवते, आणि ग्रॉग, म्हणजे आधी भाजून दळलेली तीच माती किंवा फुटक्या अग्निविटांचा चुरा, आकुंचन कमी करतो. ग्रॉग एक मिलिमीटरच्या जाळीतून चाळलेला असावा. कॅल्साइन्ड अ‍ॅल्युमिना (भाजलेली अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी) परवडत असेल, तर ग्रॉगमधील ५ ते १० भाग कमी करून तेवढा अ‍ॅल्युमिना घालावा; तो मोकळ्या सिलिकाशी संयोग पावून आणखी म्युलाइट तयार करतो.

छिद्रे करण्यासाठी लाकडाचा भुसा सर्वांत भरवशाचा आहे, कारण तो जळाल्यावर राख एक टक्क्याच्या आसपासच उरते. भुसा वखारीतून किंवा सॉ मिलमधून आणावा, आणि तो अस्सल लाकडाचा आहे याची खात्री करून घ्यावी. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात चिकटवण्याची रसायने असतात व त्यांचा धूर अपायकारक असतो. रंध्याने काढलेल्या चिलप्या अजिबात घेऊ नयेत; त्या विटेत एकाच दिशेने आडव्या बसतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. भुसा एक मिलिमीटरच्या जाळीतून चाळावा आणि शक्य असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतूनही.

भाताचे तूस कोकणात आणि भंडारा-गोंदिया पट्ट्यात राइस मिलच्या दारात ढिगाने पडलेले असते, त्यामुळे ते वापरण्याचा मोह साहजिक आहे. पण तूस जळाल्यावर सुमारे पाचवा हिस्सा राख उरते, आणि ती बहुतांशी सिलिका असली तरी तिच्यातले पोटॅश मातीला मऊ करते. अखंड तूस होडीच्या आकाराचे असल्यामुळे छिद्रेही मोठी आणि चपटी होतात. ९०० अंशांपर्यंत चालणाऱ्या भट्टीला किंवा अस्तराच्या बाहेरच्या थराला दळलेले तूस पुरते. आतल्या थराला ते वापरू नये, असे मी ठामपणे सांगेन. थर्माकोलचे मणी मिसळून छान गोल छिद्रे मिळतात, परंतु ते जळताना निघणारा काळा, विषारी धूर बाहेर नेण्याची औद्योगिक सोय नसेल तर तो मार्ग सोडून द्यावा. फेस करून माती ओतण्याची पद्धत सर्वांत बारीक छिद्रे देते, पण तो फेस सुकेपर्यंत न बसता टिकवणे हे कसबी काम आहे. भुशाच्या विटेवर हात बसल्यानंतरच तिच्याकडे वळावे.

मिश्रण, साचा आणि वाळवण

भुशाचे प्रमाण आकारमानाने मोजावे, कारण त्याचे वजन ओलाव्याबरोबर बदलते. कोरड्या माती-मिश्रणाच्या एका मापाला एक माप भुसा घेतला तर भाजलेल्या विटेची घनता १.१ ते १.२ च्या आसपास येते, दीड माप घेतला तर ०.९ ते १, आणि दोन मापे घेतला तर ०.८ च्या आसपास. हे आकडे माती आणि दाबाप्रमाणे सरकतात, म्हणून पहिल्या वेळी तिन्ही प्रमाणांत एकेक छोटी वीट करून पाहावी. हाताने केलेल्या विटेला दीड मापाचे प्रमाण मला सर्वांत योग्य वाटते. दोन मापांची वीट उचलताना आणि कापताना कडांनी झडते. दहा किलो माती-मिश्रणाला दीड मापाने सुमारे १५ लिटर, म्हणजे जवळपास तीन किलो भुसा लागतो, आणि त्यातून प्रमाण आकाराच्या चार ते पाच विटा होतात.

भुसा आदल्या रात्री पाण्यात भिजत घालावा. कोरडा भुसा मातीत मिसळला तर तो मातीतले पाणी शोषून साच्याबाहेर काढल्यावर फुगतो आणि कच्च्या विटेला बारीक भेगा पडतात. या भेगा वाळल्यावर दिसत नाहीत, भाजल्यावर दिसतात. सकाळी भुसा निथळून घ्यावा, माती दाट रबडीसारखी कालवावी आणि दोन्ही एकत्र करून पायाने किंवा मिक्सरमध्ये चांगले मळावे. मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल, पण बोटांच्या फटींतून पाणी येणार नाही, इतकाच ओलावा ठेवावा. मळलेला गोळा ओल्या गोणपाटाखाली दोन-तीन दिवस मुरू द्यावा; माती अधिक चिकट होते आणि वीट साच्यातून स्वच्छ सुटते.

मातीची भुकटी हाताळताना नाकावर एन-९५ मास्क हवाच. स्फटिकी सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कोरडी झाडलोट करू नये. जमीन ओल्या फडक्याने पुसावी.

वाळताना आणि भाजताना मिळून वीट साधारण दहा टक्के आकसते, म्हणून २३० × ११५ × ७५ मिलिमीटरची वीट हवी असल्यास लाकडी साचा २५६ × १२८ × ८३ मिलिमीटरचा करावा. आपल्या मातीचे खरे आकुंचन आधी एका पट्टीवर मोजून घ्यावे आणि त्यानुसार साचा बदलावा. साच्याला आतून थोडे तेल लावावे, गोळा एकाच वेळी टाकून कोपऱ्यांत बोटांनी दाबावा आणि वरून लाकडी ठोकळ्याने बेताचा दाब द्यावा. येथे जोर लावणे नडते: भुसा लवचीक असतो, ठोकून दाबला तर दाब सुटताच तो उसळतो आणि वीट आतल्या आत थरांत फाटते. थोडी थोडी माती घालून थर देत भरण्याचीही चूक करू नये, कारण त्या थरांच्या सांध्यांवरच वीट पुढे फुटते.

विटा पहिले दोन दिवस सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात, मग काठावर उभ्या कराव्यात आणि रोज बाजू बदलावी. पावसाळ्यात कोकणासारख्या दमट हवेत त्या नुसत्या ठेवून वाळत नाहीत. भट्टीच्या ऊबेशेजारी किंवा पंख्यापुढे ठेवाव्या लागतात. शेवटी १०० ते ११० अंशांवर ठेवून वीट तोलावी, काही तासांनी पुन्हा तोलावी, आणि वजन घटायचे थांबले की मगच ती भाजायला घ्यावी.

भाजणी

या कामातला सर्वांत नाजूक टप्पा २०० ते ६०० अंशांच्या दरम्यानचा आहे. येथे वीट स्वतःच इंधन बनते. वीस विटांच्या पोटात बारा-तेरा किलो भुसा असतो, आणि त्याची उष्णता घरगुती गॅस सिलिंडरच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी भरते. सगळा भुसा एकदम पेटला तर बर्नर बंद असूनही तापमान मिनिटांत शेकडो अंश चढते, विटा तडकतात आणि भट्टीच्या तोंडातून ज्वाळा येतात. म्हणून भट्टी अर्धीच भरावी, विटा काठावर उभ्या ठेवाव्यात, त्यांच्यात चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटरची मोकळीक ठेवावी आणि हवेची छिद्रे व धुराडे उघडे ठेवावे. पहिल्या २०० अंशांपर्यंत तासाला ५० अंशांच्या गतीने जावे, त्यानंतर ५०० अंशांपर्यंत तासाला ३० अंशांहून अधिक वेग घेऊ नये. धूर दाट झाला किंवा थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा आपोआप पळू लागला, तर बर्नर कमी करावा आणि तापमान स्थिर होईपर्यंत वाट पाहावी.

धूर संपला म्हणजे भुसा संपला असे नाही. धुराच्या रूपात लाकडातला उडून जाणारा भाग गेलेला असतो. मागे कोळसा उरतो, आणि तो जळायला बाहेरचा प्राणवायू विटेच्या गाभ्यापर्यंत झिरपावा लागतो. यासाठी लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे निम्म्या जाडीच्या तुकड्याला चौथा हिस्सा वेळ पुरतो, आणि दुप्पट जाडीच्या तुकड्याला चौपट लागतो. ७५ मिलिमीटरच्या विटेला ६०० अंशांवर तीन-चार तास आणि पुन्हा ८५० अंशांवर तितकाच वेळ भरपूर हवेत थांबवावे. तिच्यापेक्षा जाड तुकडे करूच नयेत. जाडी हवी असल्यास दोन विटा एकामागे एक बसवाव्यात. कोळसा आत राहून गेला तर तो मातीतल्या लोहाचा प्राणवायू ओढून घेतो, असे लोह मातीला लवकर वितळवते, आणि १,१०० अंशांच्या पुढे विटेचा गाभा काळा पडून फुगतो. बाहेरून अशी वीट अगदी निर्दोष दिसते, म्हणून प्रत्येक भाजणीतील एक वीट करवतीने मधोमध कापून गाभा पाहावाच.

कोळसा जाळण्याचा हा टप्पा विजेच्या भट्टीत करू नये. धुराने व प्राणवायूच्या अभावाने भट्टी तापवणाऱ्या कँथल मिश्रधातूच्या तारांवरचा संरक्षक थर खराब होतो आणि तारा लवकर तुटतात. गॅसची किंवा लाकडाची भट्टी घ्यावी, आणि ती उघड्यावर असावी, कारण अर्धवट जळणाऱ्या भुशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो.

८५० अंशांनंतर तासाला १०० अंशांच्या गतीने १,२५० अंशांपर्यंत जावे आणि तेथे दोन ते चार तास थांबावे. येथील नियम साधा आहे: ज्या तापमानाला वीट वापरायची, त्याहून किमान ५० अंश वर ती भाजलेली असावी, म्हणजे तिचे उरलेले आकुंचन भिंतीत होत नाही. के प्रकारचे थर्मोकपल १,२०० अंशांच्या पुढे भरवशाचे राहत नाही. एस किंवा आर प्रकारचे वापरावे, किंवा विटांशेजारी पायरोमेट्रिक कोन (ठरावीक तापमानाला वाकणारे छोटे शंकू) ठेवावेत. थंड करताना ६०० ते ५०० अंश आणि ३०० ते १५० अंश हे दोन टप्पे सावकाश जाऊ द्यावेत, कारण त्या दरम्यान क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्या दोन रूपांचे स्फटिक आपला आकार अचानक बदलतात.

वीट पारखणे

प्रथम तोलावी. प्रमाण आकाराच्या विटेचे आकारमान दोन लिटरच्या किंचित आत असते, त्यामुळे १.९ किलोची वीट म्हणजे ०.९५ घनता. तुलनेसाठी, अमेरिकेच्या एएसटीएम सी १५५ या वर्गीकरणात २३ क्रमांकाच्या गटातील विटेची घनता ०.७७ पेक्षा अधिक नसावी आणि १,२३० अंशांवर २४ तास ठेवल्यावर ती दोन टक्क्यांहून अधिक आकसू नये, अशी अट आहे. हाताने केलेली वीट घनतेची अट बहुधा गाठत नाही, आणि त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. आकुंचनाची अट मात्र तिने पुरी केलीच पाहिजे. एका विटेची लांबी मोजून ती कामाच्या तापमानाला पाच-सहा तास पुन्हा तापवावी. एक टक्क्याहून अधिक आकसली तर त्या भाजणीतल्या सगळ्या विटा अधिक तापमानाला परत भाजाव्यात.

बळकटीबद्दल लोक नको तितके घाबरतात. चौरस सेंटिमीटरला दहा किलो भार सोसणारी वीटसुद्धा आडवी ठेवली तर अडीच टनांहून अधिक वजन पेलते, आणि लहान भट्टीच्या भिंतीला एवढे वजन कधीच येत नाही. खरा प्रश्न कडा झडण्याचा असतो. विटेची कड अंगठ्याने जोर देऊन घासावी. बारीक पूड निघाली तर चालेल, पण दाणे सुटून कड गोल होऊ लागली तर भुसा कमी करावा किंवा भाजणीचे तापमान वाढवावे. त्यानंतर एक तुकडा १,००० अंशांवरून काढून हवेत थंड करावा आणि हे चार-पाच वेळा करून भेगा तपासाव्यात.

अस्तरात बसवताना

ही वीट साध्या करवतीने कापता येते. कापताना ती ओली ठेवावी. सांधे एक ते दोन मिलिमीटरचेच असावेत, आणि त्यांचा गारा त्याच माती-मिश्रणाचा, भुसा वगळून, ग्रॉग बारीक चाळून व थोडे सोडियम सिलिकेट घालून करावा. वीट लावण्यापूर्वी क्षणभर पाण्यात बुडवावी, नाहीतर ती गाऱ्यातले पाणी तात्काळ शोषून घेते आणि सांधा पकडत नाही. १,००० अंशांवर भिंत मीटरमागे पाच ते सहा मिलिमीटर वाढते, म्हणून लांब भिंतीत तेवढी फट सोडून ती सिरॅमिक फायबरने भरावी. फायबर हाताळतानाही मास्क घालावा, कारण त्याचे तंतू श्वासातून आत जाणे धोक्याचे मानले जाते.

जेथे वितळलेला धातू, धातूची मळी (स्लॅग), ग्लेझ किंवा मिठाची वाफ विटेला लागणार असेल, तेथे सच्छिद्र वीट उघडी ठेवू नये; ती द्रव शोषून घेते आणि आतून गळून पडते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वापरतात तसल्या लोखंड वितळवणाऱ्या भट्टीत किंवा टाकणखार वापरणाऱ्या लोहाराच्या भट्टीत आतला थर भरीव विटेचाच हवा आणि सच्छिद्र वीट त्याच्या पाठीमागे. तसे केल्यास मागच्या विटेमुळे पुढची भरीव वीट पूर्ण जाडीभर अधिक तापते, हे लक्षात घेऊन तिची प्रत एक पायरी वरची निवडावी.

नवे अस्तर बसवून झाल्यावर ते दोन दिवस उघडे वाळू द्यावे आणि पहिल्यांदा तापवताना ११० अंशांवर सहा-सात तास थांबावे. भट्टीच्या तोंडाशी थंड काच धरली असता तिच्यावर वाफ जमा होणे बंद झाले, की तासाला ५० अंशांनी पुढे जायला हरकत नाही.